घरच्या घरी शॉकअप बदलताना: पहिल्यांदा पाना हातात घेणाऱ्यांसाठी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड, लिहून. बोलतानाचे 'म्हणजे', 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

मी बीटेक केलंय, पण कॉम्प्युटरमध्ये. स्क्रू फिरवण्याशी संबंध आला तो फक्त लॅपटॉपची रॅम बदलताना. तरी मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या हॅचबॅकचे मागचे दोन्ही शॉकअप मी स्वतः बदलले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका रविवारी. गॅरेजमध्ये तासाभराचं काम, मला सहा तास लागले. आणि त्यात एक चूक केली, जी आई-बाबा गाडीत बसलेले असताना लक्षात आली. ती सांगतोच, पण आधी थोडं बेसिक.

शॉकअप नक्की करतो काय?

नाव जरा फसवं आहे. खड्ड्याचा धक्का खरं तर स्प्रिंग झेलते. पण स्प्रिंग एकदा दबली की वर-खाली नाचतच राहते. तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, पिस्टनला बारीक छिद्रं असतात. तेल त्यातून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. आमच्या भाषेत सांगायचं तर स्प्रिंग हा लूप आहे आणि शॉकअप ही त्यातून बाहेर पडायची कंडिशन.

तो गेला की फक्त पाठ दुखते असं नाही. चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, म्हणजे ब्रेक आणि वळण दोन्हीवर परिणाम होतो. ओळखायचं कसं? शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो, किंवा स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डोलते.

सुरुवात मागून करा

बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. खाली एक बोल्ट, वर एक नट. वरचा नट डिकीतलं प्लास्टिक काढलं की सापडतो. नवशिक्यासाठी हे जमण्यासारखं आहे.

पुढचं प्रकरण वेगळं. तिथे बहुतेक गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात तयार केलेली ही रचना. यात शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिचा वरचा नट स्प्रिंग न आवळता सोडला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हात, जबडा, काहीही जाऊ शकतं. मी हे केलेलं नाही आणि तुम्हीही पहिल्या वेळी करू नका. गॅरेजमधून करून घ्या.

जॅक म्हणजे आधार नव्हे

गाडीसोबत येतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. काम करायचं तर जॅक स्टँड हवेतच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी गिअरमध्ये टाका, स्टँडवर ठेवल्यावर हलवून बघा.

आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. गाडी ठेवली आणि दहा मिनिटांत एका स्टँडचा पाय वाळूत खचायला लागला. तोवर बाबांनी, न विचारता, काढलेलं चाक गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बाबा, स्टँड आहेत की." ते म्हणाले, "असू दे. पडली तर चाकावर पडेल, तुझ्यावर नाही." गाडी पडली नाही. पण मग मी ती उतरवली, स्टँडखाली जाड प्लायवूड घातलं आणि पुन्हा सुरुवात केली.

काम करताना हे विसरू नका

एका वेळी एकच बाजू सोडा. अशा रचनेत ॲक्सल किती खाली लोंबायचं हे शॉकअपच ठरवतो. दोन्ही एकदम काढले तर ॲक्सल खाली येतं, ब्रेकच्या पाइपवर ताण येतो, स्प्रिंग निसटू शकते. म्हणून ॲक्सलखाली दुसरा जॅक हलका टेकवून ठेवा.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, म्हणजे आतली हवा निघते. वरचा नट फिरवताना दांडा पण फिरतो. तो पकडने धरायचा नाही. चकचकीत दांड्यावर ओरखडा पडला की सील फाटतं आणि तेल गळतं. टोकाला पाना बसेल अशी जागा दिलेली असते, तिथे धरा.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे: खालचा बोल्ट चाक लोंबत असताना पूर्ण आवळायचा नाही. त्यात रबरी बुश असतो. लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग टॉर्क रेंचने आवळा. किती आवळायचं ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको. आणि शॉकअप नेहमी जोडीने बदला.

माझी चूक

तीन दिवसांनी आम्ही साताऱ्याला निघालो. शिरवळच्या आधी एका स्पीडब्रेकरवर मागून 'खट' आवाज आला. पुढच्यावर पुन्हा. मी म्हटलं, "नवीन आहे, बसेल हळूहळू." बाबा म्हणाले, "पुढे खंबाटकी आहे. आत्ता थांबव."

डिकी उघडली. डाव्या बाजूचा वरचा नट बोटाने फिरत होता. हाताने बसवला, तेवढ्यात आईने चहा आणला, आणि आवळायचा राहूनच गेला. बाबांनी एकच विचारलं, "अरे, तुझं काम तपासलं कोणी?"

ऑफिसात दोन ओळींचा बदलसुद्धा मी दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि आई-बाबांना घाटात न्यायच्या गाडीचं काम एकट्याने केलं, एकट्यानेच पास केलं. सुदैवाने पाने डिकीत होते. तिथेच नट आवळला, शिरवळच्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजू तपासून घेतल्या आणि मगच घाट चढलो.

तेव्हापासून नियम एकच. आवळलेल्या प्रत्येक नटावर पेंट मार्करची रेघ. सगळ्या रेघा दुसऱ्या माणसाने मोजायच्या. आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा.

जाता जाता, कायदा

त्याच मापाचा शॉकअप बसवणं ही दुरुस्ती झाली. पण गाडी खाली बसवणं किंवा उंच करणं वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही असे बदल करायला मनाई आहे. असं काही डोक्यात असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी, मग खरेदी. पुढच्या सस्पेन्शनला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंटही करून घ्या.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवू. तोवर स्टँड लावा, चाक खाली सरकवा, आणि काम कुणाला तरी दाखवा. भेटूच!