प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंतची वाट

समाजाच्या सर्व थरांतून प्राध्यापक यावेत आणि आलेले टिकावेत, यासाठी दोन प्रकारच्या अधिछात्रवृत्त्या असतात. पहिली, प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या संशोधकाला मिळते; पीएच.डी.ची वर्षे त्याला पोटाच्या चिंतेत काढावी लागू नयेत हा तिचा हेतू. दुसरी सेवेतल्या प्राध्यापकासाठी असते. अमेरिकेतील काही विद्यापीठे अशा प्राध्यापकाचे शिकवण्याचे तास कमी करतात आणि निवड समित्यांना सल्ला देणे, नव्याने रुजू झालेल्यांना आधार देणे हे काम त्याच्याकडे सोपवतात. भारतात हे काम मुख्यतः आरक्षणाचा कायदा, विद्यापीठांतले मागासवर्ग कक्ष आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम यांच्यावर आहे.

नेमणूक होणे वेगळे आणि टिकणे वेगळे, याचा सर्वांत बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 1913 मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, ती बडोदा संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याच्या करारावर. 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. पण शहरात त्यांना राहायला घर मिळेना आणि कचेरीत शिपाई त्यांच्याकडे फायली फेकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. राजाची इच्छा होती, पैसा होता, पद होते. नव्हती ती माणसाला माणसासारखे वागवणारी कचेरी. पुढच्याच वर्षी सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यालाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

सातारा जिल्ह्याने याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि नंतर साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून गरीब मुले पदवीपर्यंत पोहोचली. शिकून तयार झालेली मुले संस्थेतच शिक्षक म्हणून उभी राहत. रयतच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यार्थी, मग शिक्षक, मग संस्थेचा आधार, अशी ती साखळी होती. आजच्या योजनांत नेमकी हीच साखळी तुटलेली दिसते.

याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणचे मुधोजी महाविद्यालय 1957 चे. ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तालुक्यातल्या शेतमजुराच्या किंवा मेंढपाळाच्या घरातली मुलगी इथे पदवीधर झाली, तर पुढची पायरी पदव्युत्तर शिक्षणाची, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग पीएच.डी. नेटमध्ये वरच्या क्रमांकाने आलेल्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. जानेवारी 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये आहे. त्यात न बसणाऱ्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. घरात पहिल्यांदा पुस्तक आलेल्या मुलांना या पैशामुळे संशोधनाची वर्षे मिळाली, हे या योजनांचे मोठे श्रेय आहे. मुलींच्या बाबतीत आयोगाचा एक नियम महत्त्वाचा आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा आणि प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते.

पदवी हाती आल्यावर गाठ पडते बिंदुनामावलीशी. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवणारा हा तक्ता. केंद्रीय संस्थांच्या नामावलीत इतर मागासांची पहिली जागा चौथ्या बिंदूवर, अनुसूचित जातींची सातव्या आणि जमातींची चौदाव्या बिंदूवर येते. त्यामुळे तक्ता संपूर्ण विद्यापीठासाठी एक की प्रत्येक विभागासाठी वेगळा, यावर सगळे अवलंबून राहते. तीन जागांच्या विभागात चौथा बिंदू येतच नाही. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हा घटक धरला आणि 2018 मध्ये आयोगाने तसे परिपत्रक काढले. देशभर आंदोलने झाली. अखेर 2019 मध्ये संसदेने कायदा करून संस्था हाच घटक ठरवला. महाराष्ट्रानेही त्याच धर्तीवर कायदा केला. राज्याच्या 2001 च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना 13, जमातींना 7, इतर मागासांना 19 टक्के आणि भटक्या-विमुक्तांच्या चार गटांना मिळून 11 टक्के वाटा आहे.

मात्र तक्ता कितीही न्याय्य असला तरी भरती निघाल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. अनुदानित महाविद्यालयाला रिक्त पद भरण्यासाठी आधी नामावली तपासून घ्यावी लागते, मग शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र, मग जाहिरात. तोवर वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. या शिक्षकाला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्टीत उत्पन्न नाही, निवृत्तिवेतन नाही, पुढच्या वर्षीची हमी नाही. ज्याच्या मागे शेती किंवा घरचा पगार आहे, तो अशी पाच-सात वर्षे कशीबशी काढू शकतो. ज्याच्यासाठी अधिछात्रवृत्ती होती, तोच आधी गळतो आणि खासगी शिकवणीकडे किंवा दुसऱ्या नोकरीकडे वळतो. त्याच्यावर झालेला सरकारी खर्चही वाया जातो.

सेवेत असलेल्यांसाठी आयोगाची एक चांगली योजना पंचवार्षिक योजनांच्या काळात होती. ग्रामीण महाविद्यालयातल्या शिक्षकाला पगारी रजेवर पीएच.डी.साठी पाठवायचे आणि त्याच्या जागी बदली शिक्षकाचा पगार आयोगाने द्यायचा. त्यात शिक्षकाची नोकरीही टिकत असे आणि वर्गही रिकामा राहत नसे. फलटणसारख्या तालुक्याच्या गावांना अशा योजनेची गरज आजही आहे. तिच्या जोडीला राज्याने मंजूर रिक्त पदांची जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात काढावी, म्हणजे बार्टी, सारथी आणि महाज्योतीतून बाहेर पडणाऱ्या संशोधकांना अर्ज करायला जागा उरेल.