गल्ला वेगळा, देणगी वेगळी

जोधपूर ते जैसलमेर सायकल राईडची गंमत व्हिडिओत सांगितली, हिशेब राहिला. तो इथे.

थरच्या वाळवंटातून साधारण 285 किलोमीटर, तीन दिवस. मदत एका मुलींच्या शाळेला. गिऱ्हाइकांना म्हटलं, "किलोमीटरमागे जमेल ते द्या." कुणी रुपया, कुणी पाच. तिकीट, मुक्काम, सायकल नेण्याचं भाडं सगळं माझ्या खिशातून. देणगीचं खातं वेगळं. गल्ला आणि घरखर्च एकत्र करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा!

दुसऱ्या दिवशी पोखरणच्या अलीकडे काट्यांनी तीन पंक्चर. जवळच्या दोन्ही ट्यूब संपल्या. सावलीला एखादी खेजडी, पाणी तळाला. शेवटी सोबतच्या गाडीत बसलो. 14 किलोमीटर गेले. (त्यातच घरून फोन, "साखरेची गाडी आलीय, पैसे कुठे ठेवलेत?")

जैसलमेरला सगळे म्हणाले, कोण मोजतंय? पूर्ण लाव. खरं सांगतो, मोह झाला. पण ग्रुपवर लिहिलं, 271 चेच पैसे द्या.

बहुतेकांनी तेवढेच दिले. आमच्याकडची साखर घरी नेऊन परत तोलणारे एक काका आहेत, त्यांनी मात्र 285 चे आणून दिले. दोनदा मोजून.