मंजुळेच्या वारसदार

आंतरमहाविद्यालयीन एकपात्री स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलेल्या कुणालाही विचारा, दिवसभरात दोन-तीन तरी मंजुळा साळुंके समोर येऊन जातात. ओढणी कमरेला खोचलेली, नजर रिकाम्या खुर्चीवर, आणि त्या खुर्चीत बसलेल्या अदृश्य प्राध्यापकाला वठणीवर आणायच्या धमक्या. ‘ती फुलराणी’तलं हे स्वगत पाठ नसलेली नाटकवेडी मुलगी महाराष्ट्रात शोधूनच काढावी लागेल. यातल्या बऱ्याच जणींचा जन्म पहिली मंजुळा करणाऱ्या भक्ती बर्वे गेल्यानंतरचा. तरी श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे फाटू द्यायचा, हे भक्तीताईंचंच असतं. दूरदर्शनवरची त्यांच्या स्वगताची चित्रफीत यूट्यूबवर आहे आणि मुली ती पाहून पाहून घोटतात.

नटीच्या वाटचालीबद्दल आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. ती नाटकात घडते, मग मालिकेत ‘जाते’, मग पैसे मिळवते आणि मुलाखतीत ‘रंगभूमी हेच माझं पहिलं प्रेम’ असं सांगते. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. मंजुळेची भूमिका गेल्या पन्नास वर्षांत ज्या नटींनी केली, त्यांचा माग काढला की वेगळंच चित्र दिसतं. भक्ती बर्वे, प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी. यातली एकही टीव्हीला परकी नाही. शिवाय प्रत्येकीचा टीव्ही निराळा होता. त्यानं रंगभूमीकडून घेतलं तेही निराळं आणि परत दिलं तेही निराळं.

आधी नाटकाबद्दल थोडं. बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ 1913 साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते लंडनमध्ये नव्हे, व्हिएन्नात आणि जर्मन भाषेत. पु. ल. देशपांड्यांनी ते 1975 साली मुंबईत आणलं आणि नाव बालकवींच्या कवितेवरून ठेवलं. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची, म्हणजे आयएनटीची. फुलवाली मंजुळा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारे प्राध्यापक अशोक जहागीरदार. ते काम सतीश दुभाषींचं. सत्तरच्या दशकातच गुजराती रंगभूमीवरही याच नाटकाचा अवतार गाजत होता. मधू राय यांचं ‘संतू रंगीली’, दिग्दर्शक प्रवीण जोशी, आणि संतू होत्या सरिता जोशी, माहेरच्या भोसले, पुण्याच्या मराठी घरातल्या. एका मराठी मुलीनं गुजराती फुलवाली इतकी सही उभी केली की गुजराती प्रेक्षकांनी तिला आपलंच मानलं. पुढे ‘बा बहू और बेबी’तली गोदावरी होऊन त्याच घराघरांत बा म्हणून पोचल्या. आपल्या लेखांत त्यांचं नाव क्वचितच येतं. यायला हवं.

आता भक्ती बर्वे. जन्म सांगलीचा, 1948 चा. लहानपणी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये बालनाट्यं, मग आकाशवाणी. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या वृत्तनिवेदकांत त्या होत्या. त्या खुर्चीत बसणाऱ्यांत स्मिता पाटीलही होत्या, आणि श्याम बेनेगलांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते तिथूनच. त्या केंद्राच्या बातम्या विभागानं मराठी अभिनयाला किती दिलं, याचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही.

बातम्या वाचणं हे नाटकाच्या किती जवळचं काम आहे, हे आज लक्षात येत नाही. ठरलेली वेळ, समोर कागद, थेट प्रक्षेपण. अडखळलात तर अडखळलात, रिटेक नाही. ऐनवेळी बदललेलं पान हातात येई आणि ते पहिल्यांदाच वाचतोय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसे. एकच वाहिनी. चाळीत ज्याच्या घरी संच, त्याच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग. असा चेहरा रोज संध्याकाळी घरात येत असल्यावर तो जाहिरातीत छापला की तिकिटाच्या खिडकीवर वेगळं काही सांगावं लागत नाही. मराठी नाटकाला टीव्हीचा चेहरा फळतो, हे नाट्यनिर्मात्यांना बहुधा याच काळात पहिल्यांदा नीट उमगलं.

पण खरी गंमत भूमिकेत होती. ज्या बाईकडून प्रेक्षक नितळ, प्रमाण मराठी ऐकत होते, ती पडदा उघडल्यावर फुलांची टोपली घेऊन कर्कश आवाजात भांडत होती. प्राध्यापक मंजुळेला जे शिकवणार होते, ते या नटीला आधीच येतं हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक होतं. तिनं ते विसरून दाखवायचं आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा मिळवायचं.

हे काम तांत्रिकदृष्ट्या भयंकर अवघड आहे. पहिल्या अंकात शब्दांच्या शेपट्या गिळायच्या, वाक्यं वरच्या पट्टीत फेकायची, सगळा जोर गळ्यावर. उत्तरार्धात तोच गळा मोकळा आणि गोल ठेवून एकेक अक्षर जागच्या जागी ठेवायचं. सगळ्यात कठीण तो मधला टप्पा. मंजुळा शुद्ध बोलायला शिकलीय, पण विषय मात्र तिच्या वस्तीतलेच आहेत. उच्चार नवे आणि जीव जुना. तिथे किंचित जास्त केलं की नक्कल होते आणि किंचित कमी केलं की हशा येत नाही. त्यात दौऱ्यावर दुपारी एक प्रयोग, रात्री दुसरा, मध्ये गाडीचा प्रवास. निवेदकाच्या मायक्रोफोनपुढचा आवाज याला पुरत नाही. माझं मत असं की भक्तीताईंना दूरदर्शननं प्रेक्षक दिले आणि आकाशवाणीनं उच्चार दिले, पण मंजुळा पेलली ती बालनाट्यांवर. हजार पोरं एकाच वेळी गलका करत असताना संवाद त्यांच्यापर्यंत पोचवायला जी शिकते, तिला शिवाजी मंदिरसारखं नाट्यगृह जड जात नाही.

हिंदी सिनेमानं त्यांच्या या निवेदकपणाचा मोठा खट्याळ वापर केला. 1983 च्या ‘जाने भी दो यारो’त त्या शोभा सेन आहेत, ‘खबरदार’ची संपादक. भ्रष्टाचार उघडकीला आणणार म्हणून जिच्यावर विसंबावं, ती त्याच पुराव्यांवर स्वतःचा सौदा करते. सरकारी बातम्यांचा सोज्ज्वळ चेहराच कुंदन शहांनी तिथे नेऊन बसवला. उत्तरेतल्या प्रेक्षकांना हा विनोद कळला नसेल. मुंबईकरांना नक्की कळला.

पुढची वाट सिनेमाकडे गेली असती तर नवल नव्हतं. पती शफी इनामदार ‘ये जो है जिंदगी’मुळे देशभर ओळखीचे झाले होते. पण भक्तीताई नाटकातच राहिल्या. अशोक पाटोळ्यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये त्यांनी घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई केली. अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’त कस्तुरबा. 1990 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. चाळिशीनंतर मराठी नटीला मध्यवर्ती भूमिका मिळणं किती दुर्मीळ, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या यादीचं मोल वेगळं सांगायला नको. आणि तरीही मंजुळा सुटली नाही. अखेरच्या काळातल्या त्यांच्या कार्यक्रमाचं नावच ‘पु. ल., फुलराणी आणि मी’. 12 फेब्रुवारी 2001 रोजी वाईचा कार्यक्रम करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय 52. पु. ल. त्याआधी आठच महिने गेले होते.

या अपघाताकडे दैवाचा घाला म्हणून पाहिलं जातं. मला तो धंद्याच्या रचनेचाही भाग वाटतो. नाटकाचं उत्पन्न प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाइट’वर. पडदा उघडला तर पैसे. म्हणून रात्रीचा प्रयोग संपला की मेकअप उतरवायचा, काहीतरी पोटात ढकलायचं आणि गाडीत बसायचं, कारण सकाळी दुसरीकडे दुसरं काम असतं. 2012 च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, तेही याच मार्गावर. दोघेही मालिका आणि नाटक दोन्हीकडचे.

प्रिया तेंडुलकरांचा टीव्ही हा प्रायोजित मालिकांचा. 1984 साली ‘हम लोग’ आली, दूरदर्शनला जाहिरातदारांची चव लागली, आणि 1985 मध्ये बासू चटर्जींची ‘रजनी’. गॅस सिलिंडरवाला, टॅक्सीवाला, सरकारी बाबू, कुणाचीही गय न करणारी गृहिणी. लोकांना नटी आणि भूमिका वेगळ्या करता येईनात. रस्त्यात गाठून तक्रारी सांगत. विजय तेंडुलकरांची ही लेक ‘अंकुर’मध्ये आधी दिसली होती, वडिलांच्या नाटकांतही होती, पण देशाला ठाऊक झाली ती रजनी म्हणून. अशा बाईनं मंजुळा करणं म्हणजे प्रेक्षकांनी आधीच ठरवून येणं की ही प्राध्यापकाला सोडणार नाही. नंतर त्यांनी स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रमही चालवला. 2002 मध्ये, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस महिन्यावर असताना, त्या गेल्या.

तिसरा टीव्ही उपग्रहाचा. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, आजची झी मराठी. तिच्या ‘आभाळमाया’नं सुकन्या कुलकर्णींना, पुढे मोने, महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात सुधा जोशी करून टाकलं. वामन केंद्रे यांच्या ‘झुलवा’तून आलेली ही नटी. जोगतिणींच्या त्या नाटकात अंगात येणं, नाचणं, कोसळणं, सगळं देहानं करायचं होतं. सुधा जोशी नेमकी उलट. नोकरी करणारी, मुली वाढवणारी, नवऱ्याचं दुसरं घर समजल्यावरही आवाज न चढवणारी. त्या मालिकेतले तिचे न बोललेले प्रसंगच आज आठवतात. देहबोलीचा एवढा साठा असल्याशिवाय एवढं कमी करून भागत नाही, असं मला वाटतं.

इथूनच हिशेब बदलला. दूरदर्शनच्या काळात वृत्तनिवेदिका संध्याकाळी वरळीला काम करून नाटकाच्या तारखा सांभाळू शकत होती. रोजच्या मालिकेनं दिवसच गिळला. सकाळचा कॉल, बारा तासांची शिफ्ट, सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला किंवा घोडबंदर रोडच्या बंगल्यात. संवाद कधी आदल्या रात्री, कधी मेकअपच्या खुर्चीत हाती पडतात. नाटकाची तालीम महिनाभर चालते. इथे दृश्य वाचून होतं न होतं तोच कॅमेरा लागतो. पाठांतराचा वेग आणि थकल्यावरही चेहरा ताजा ठेवण्याची सवय या दोन गोष्टींवर मालिकेतली नटी टिकते. दोन्ही नाटकवाल्यांकडे असतात, म्हणून निर्माते त्यांना शोधत येतात. मोबदल्यात नाटकाच्या जाहिरातीत नावाखाली मालिकेतल्या पात्राचं नाव कंसात येतं. सिनेमातल्या कस्तुरबा म्हणून बाफ्टा मिळवलेल्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या रोहिणी हट्टंगडींनाही नव्या पिढीनं ओळखलं ते ‘चार दिवस सासूचे’मधून. तीन हजारांहून अधिक भाग. एवढ्या भागांत एखाद्या नटीनं किती नाटकं केली असती, हा प्रश्न विचारायचा मोह होतो. पण ती सासू त्यांनी किती घरांत किती सन्मानानं उभी केली, हेही मोजायला हवं.

मंजुळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खटकते. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग, म्हणून कार्यक्रम पुसून त्यावरच नवे मुद्रित होत. ज्या नाटकाच्या चित्रीकरणाचा खर्च कुणी केला नाही, त्याचं तर नावच सोडा. त्यामुळे एवढ्या मोठ्या नटीचा एवढा गाजलेला प्रयोग आपल्यापर्यंत उरला तो प्रामुख्यानं एका स्वगतापुरता. स्पर्धेतल्या मुली तेवढंच का उचलतात, याचं उत्तर इथेच आहे. तो मधला अवघड टप्पा त्यांनी पाहिलेलाच नाही. स्वगत म्हणजे संताप, आणि संताप नक्कल करायला सोपा.

अमृता सुभाष त्या नकलेच्या पलीकडे जाऊ शकल्या, यात त्यांच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातल्या शिक्षणाचा वाटा असावा, आणि आई ज्योती सुभाष यांच्या घरात वाढण्याचाही. ‘अवघाचि संसार’मधली आसावरी त्यांनी वर्षानुवर्षं केली, पण तिच्यात अडकल्या नाहीत. ‘अस्तु’साठी राष्ट्रीय पुरस्कार, 2019 मध्ये ‘गली बॉय’तली आई आणि त्याच वर्षी ‘सेक्रेड गेम्स’ या वेबमालिकेच्या दुसऱ्या पर्वात गुप्तचर खात्यातली करडी कुसुमदेवी यादव. ओटीटीनं इथे मालिकेला न जमलेली एक गोष्ट केली. भाग मोजके, संहिता आधी हातात, चित्रीकरणाचे दिवस ठरलेले. म्हणजे कामाची पद्धत पुन्हा नाटकाच्या जवळ आली. मात्र तिथे मराठीत फार काही घडत नाही, आणि मंजुळेला हिंदीत नेलं तर ती मंजुळा राहणार नाही.

2023 च्या मार्चमध्ये ‘फुलराणी’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक विश्वास जोशी, प्राध्यापकाच्या जागी सुबोध भावे, आणि मंजुळेऐवजी कोळीवाड्यातली शेवंता. ते काम प्रियदर्शिनी इंदलकरला मिळालं, आणि प्रेक्षक तिला ओळखत होते ते ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मुळे. पन्नास वर्षांपूर्वी बातम्यांनी फुलराणी दिली होती. या वेळी प्रहसनांनी. ‘हास्यजत्रा’ पाहणाऱ्याला यात आश्चर्य वाटू नये. तिथे परीक्षक समोर बसलेले असतात, प्रहसन सलग उभं करायचं असतं आणि बोलींची सरमिसळ हा रोजचा खुराक असतो. आजच्या टीव्हीवर रंगमंचाच्या सगळ्यात जवळचं ठिकाण तेच आहे, मालिकांचे सेट नव्हेत.

नाट्यनिर्मात्यांना हे केव्हाच कळलंय. नव्या नाटकाला नायिका ठरवताना पहिला प्रश्न भूमिकेचा नसतो, तारखांचा असतो: मालिका कुठली, शूटिंग कुठे, ट्रॅक कधी संपणार. शनिवार-रविवार मोकळा ठेवायची अट नटी मालिकेच्या करारातच घालून घेते, आणि महाएपिसोड लागला की तीच अट पहिली मोडते. मग व्यवस्थापक शिवाजी मंदिरची रविवारची तारीख दुसऱ्या नाटकाशी बदलून घेतो, नाहीतर बदली नटीला फोन करतो. तिचं पाठांतर चोख असतं, आणि स्वगत तर शाळेपासूनच पाठ.