गौरीफळाचं पान उलटून पाहा

बुलढाण्याहून खाली उतरणाऱ्या राजूर घाटात किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बोथा घाटात काटेरी झुडपांना तोटा नाही. मात्र त्यांत गुलाबाच्या कुळातलं झुडूप शोधणाऱ्याच्या हाती लागते ती बोर. तीही अगदी परकी नव्हे. डीएनएच्या आधारे झालेल्या नव्या वर्गीकरणात बोरीचं कूळ, वड-उंबराचं कूळ आणि गुलाबाचं कूळ एकाच गणात येतात. फरक भिंगाखाली दिसतो. बोरीच्या बारीकशा फुलात पाचच पुंकेसर असतात आणि प्रत्येक पुंकेसर पाकळीच्या नेमका समोर उभा असतो. गुलाबाच्या कुळात बहुधा पुंकेसरांचा झुबका असतो.

दख्खनच्या कोरड्या पठारावर हे कूळ रानात विरळाच भेटतं. हिवाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की ओल्या वाळूवर पिवळ्या फुलांचं पोटेंटिला सुपाइना पसरतं, तेवढाच त्याचा ठळक प्रतिनिधी. याच कुळातल्या रानरास्पबेरीला, म्हणजे रुबसला, धुकं, गारवा आणि उन्हाळ्यातही न तुटणारी ओल लागते. बुलढाण्याच्या बाजूचं अजिंठ्याच्या रांगेतलं पानझडी रान मार्चपासूनच करपायला लागतं.

हे कूळ इथे मुळातच विरळ, त्यात बुलढाण्याच्या वनस्पतींची नोंदही मागे पडली. त्याचं कारण मात्र सरकारी आहे. थिओडोर कुक हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य. त्याचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ 1901 ते 1908 या काळात भागाभागांनी निघाला आणि महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. बुलढाणा ज्यात मोडतो तो वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, म्हणून तो ग्रंथातही नाही. इलाख्याची सीमा ओलांडून झाडं वाढत होती, नोंदी मात्र सीमेवर थांबल्या. जिल्ह्याचा स्वतंत्र फ्लोरा यायला 2000 साल उजाडलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांचा आहे. अशी पुस्तकं कपाटातच राहतात, हे वऱ्हाडाचं दुर्दैव.

गुलाबाच्या कुळातली भावंडं शेजारीशेजारी पाहायची तर महाबळेश्वर गाठायला हवं. तिथली स्ट्रॉबेरी याच कुळातली. 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती पाहुणी. चिली आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन जातींचा हा संकर अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत झाला. अस्सल रानटी आहे ते रुबस, जुन्या पुस्तकांतलं गौरीफळ.

रुबसच्या जाती ओळखताना बहुतेक जण फुलाचा समोरून फोटो काढतात आणि तिथेच फसतात. पाच पाकळ्या, मधे पुंकेसर. रंग सोडला तर सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात. खरी ओळख दांडीवर आणि पानाच्या पाठीवर असते. रुबस नायव्हियसच्या कमानीसारख्या वाकलेल्या दांडीवर पांढरट पूड असते. नखाने खरवडली की खालची जांभळट साल उघडी पडते. काटे आकडेबाज. एका पानात पाच ते नऊ पर्णिका, वरून हिरव्या, पण उलटून पाहिल्या तर पांढऱ्याशुभ्र लवीने मढलेल्या. फूल लहान, गुलाबी. फळ आधी लाल, मग काळंजांभळं, आणि त्यावर राखाडी लव. हिमालयात आणि निलगिरीत भेटणाऱ्या रुबस एलिप्टिकसला तीनच पर्णिका, दांडीवर तांबूस राठ केसांचं दाट आवरण, फूल पांढरं, फळ पिवळंधमक. कुमाऊँ-गढवालात त्यालाच हिसालू म्हणतात. तिसरा गट रुबस मोलुकानसच्या नात्यातला. त्याचं पान एकसंध, खाचांचं, पाठीला गंजाच्या रंगाची लव.

महाबळेश्वरच्या वनस्पतींची शिस्तशीर यादी करणाऱ्यांत एक न्यायाधीश होते. हर्बर्ट मिल्स बर्डवुड हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, पुढे गव्हर्नरच्या कौन्सिलचे सदस्य. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला अँझॅक सैन्याचं नेतृत्व केलेले विल्यम बर्डवुड हे त्यांचे चिरंजीव. मुलाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेलं, वडिलांची आठवण फक्त वनस्पतिशास्त्राच्या तळटीपांत उरली. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली निघाली आणि तिच्या जर्नलच्या सुरुवातीच्याच खंडांत बर्डवुड यांची माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची सूची छापून आली. पुढच्या दशकात ती वाढवून पुन्हा छापली गेली. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. मुंबईचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी मुक्कामाला जाई. त्या मुक्कामात बहुतेकांनी शिकार आणि मेजवान्या केल्या, या गृहस्थांनी कुळांनुसार झाडं मांडली. कुकच्या ग्रंथाआधीची ही पायाभरणी आहे, आणि तिचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही.

त्या काळच्या नोंदी आज वाचताना मात्र नावाचा घोळ आडवा येतो. कार्ल पेटर थुनबर्ग हा लिनियसचा शिष्य, जपानपर्यंत फिरून आलेला. त्याने 1813 साली रुबसवरच्या प्रबंधात नायव्हियस हे नाव दिलं. काही वर्षांतच जेम्स एडवर्ड स्मिथने त्याच झुडपाला लासिओकार्पस म्हटलं. हा स्मिथ म्हणजे लिनियसचा सारा संग्रह विकत घेणारा. तिसरीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिकच्या हिमालयातल्या नमुन्यांवरून नायव्हियस हेच नाव भलत्याच जातीला चिकटलं. जोसेफ हूकरने ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त ते तसंच ठेवलं आणि थुनबर्गच्या झुडपाची बोळवण लासिओकार्पसमध्ये केली. हूकरचा शब्द प्रमाण, म्हणून मुंबई इलाख्यातही तेच रूढ झालं. परिणामी जुन्या भारतीय ग्रंथातलं नायव्हियस आणि आजचं नायव्हियस ही दोन निराळी झुडपं आहेत. नावापुढे नाव देणारा म्हणून थुनबर्ग आहे की वॉलिक, हे पाहिल्याशिवाय जुनी नोंद वापरणं धोक्याचं.

हा घोळ आता ग्रंथालयापुरता राहिलेला नाही. म्हैसूर रास्पबेरी या नावाने नायव्हियस फळासाठी जगभर लावलं गेलं आणि गॅलापागोस बेटांवर मोकाट सुटलं. तिथल्या स्कॅलेशिया वृक्षांच्या रानात त्याची काटेरी जाळी इतकी दाट होते की खाली नवं रोप रुजत नाही. पाखरं फळं खाऊन बिया पसरवतात आणि मातीत बियांचा साठा वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे तोडूनही ते पुन्हा फुटतं. एलिप्टिकसने हवाई बेटांवर तेच केलं. जगातल्या शंभर सर्वांत घातक आगंतुक प्रजातींच्या यादीत ते आहे.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ नायव्हियसचे नैसर्गिक शत्रू त्याच्या मायभूमीत, भारत आणि चीनमध्ये, शोधत आले आहेत. त्यांत तांबेऱ्यासारख्या बुरशींवर मोठी भिस्त आहे. अशी बुरशी फार चोखंदळ असते. एका भागातल्या झुडपावर जगणारी बुरशी दुसऱ्या भागातल्या त्याच जातीच्या झुडपावर तग धरेलच असं नाही. म्हणून गॅलापागोसवरचं झुडूप आशियातल्या नेमक्या कुठल्या रानातून गेलं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवायला नाव, जागा आणि तारीख लिहिलेले वाळवलेले नमुने हवेत, पानाची पाठ दिसेल असे चिकटवलेले.