फोल्डर जागचा हलत नाही

लग्नाचे फोटो आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर आहेत आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसून ताई ते लॅपटॉपवर बघते आहे. इंटरनेट सकाळपासून बंद आहे. पेन ड्राइव्ह कुणी इकडून तिकडे नेलेला नाही, क्लाउडवरही काही चढवलेलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर 'फोटो' नावाचा पिवळा फोल्डर दिसतो खरा, पण तो लॅपटॉपमध्ये नाहीच. तो आतल्या खोलीतून तसूभरही हललेला नाही. ताईला दिसतंय ते दोन यंत्रांमध्ये भराभर चाललेल्या प्रश्नोत्तरांचं फळ.

या प्रश्नोत्तरांची भाषा म्हणजे एसएमबी. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली, आणि आज विंडोज, मॅक, लिनक्स सगळे ती बोलतात.

ताईने फोल्डरवर डबल-क्लिक केलं की निमिषार्धात किती घडामोडी होतात बघा. लॅपटॉपला आधी डेस्कटॉपचा पत्ता हवा. तो घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदमच विचारतो, "या नावाचं कोण आहे?" ज्याचं नाव असेल तो उत्तर देतो, "मी, १९२.१६८.१.५." १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. शेजाऱ्यांच्या घरातही हाच पत्ता असू शकतो, तरी गोंधळ होत नाही, कारण तो उंबऱ्याबाहेर चालतच नाही.

मग लॅपटॉप ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर दार ठोठावतो आणि एसएमबीच्या कोणकोणत्या आवृत्त्या आपल्याला येतात ते सांगतो. दोघांनाही येणारी सर्वांत नवी आवृत्ती ठरते. आता ओळख पटवायची. इथे खरी गंमत आहे, कारण पासवर्ड वायरवरून जातच नाही! डेस्कटॉप एक अनपेक्षित आकडा पाठवतो. लॅपटॉप पासवर्डच्या आधाराने त्या आकड्यावर गणित करतो आणि फक्त उत्तर परत धाडतो. डेस्कटॉपही आपल्याकडे तेच गणित करतो. उत्तरं जुळली तर प्रवेश. पुढच्या खेपेला आकडा वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं. मधल्यामध्ये कुणी ते उत्तर टिपून घेतलं, तरी दुसऱ्यांदा चालवता येत नाही.

फोल्डरमध्ये लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ असला, तरी लॅपटॉप तो अख्खा मागवत नाही. "अमुक बाइटपासून पुढे इतके बाइट दे," एवढंच म्हणतो. म्हणून पट्टी सरकवून थेट सप्तपदीवर गेलं, तरी चित्र चटकन सुरू होतं.

एकच फाइल दोघांनी उघडली तर? पहिल्याला डेस्कटॉप मुभा देतो: सध्या दुसरं कुणी नाही, बदल तुझ्याकडेच साठव, दरवेळी मला कळवू नको. दुसरा आला की लगेच निरोप जातो: साठवलेलं आधी जमा कर. ते जमा होईपर्यंत दुसरा थांबतो. वर्डसारखे प्रोग्रॅम त्यावर आणखी खबरदारी घेतात. फाइल उघडताच तिच्याशेजारी एक लपलेली, इवलीशी फाइल तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. "ही फाइल अमुक वापरत आहेत" ही सूचना तिथूनच येते.

जुन्या विंडोजमध्ये तर चक्क निवडणुका व्हायच्या. नेटवर्कवर कोण कोण आहे याची यादी एका यंत्राने सांभाळायची. ते बंद पडलं की उरलेली यंत्रं आपापली पात्रता जाहीर करत. ज्याची विंडोज वरचढ तो पुढे. तिथे बरोबरी झाली, तर जास्त वेळ चालू असलेल्याचं पारडं जड. घरातल्या कुणाला याचा पत्ताही नसायचा.

या भाषेचं सांबा हे मोफत रूप कॅनबेरात जन्माला आलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला १९९१च्या अखेरीस आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रातल्या फाइली हव्या होत्या. वायरवरून जाणारं बोलणं टिपून, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते बघत त्याने सर्व्हर लिहिला. आज घरोघरी फाइली साठवायला येणाऱ्या नॅस नावाच्या पेट्यांपैकी कितीतरी पेट्यांमध्ये सांबाच चालतो.

ही व्यवस्था जितकी देखणी, तितकीच ती बेफिकिरीने वापरली तर महागात पडते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरून जगभरातले संगणक ओलीस धरले. त्या भोकावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अनेकांनी तो बसवलाच नव्हता. तेव्हा ती पहिली आवृत्ती बंद ठेवा आणि राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलुपं असतात: एक शेअरिंगचं, दुसरं डिस्कवरच्या फाइलींचं. दोन्हींतलं जे कडक, तेच चालतं. फोल्डर उघडत नसेल तर आधी दुसरं कुलूप तपासा. शेअरच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की तो यादीत दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेल्याला ते टाइप करून तो गाठता येतो. लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे.

आणि शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. एका लॅपटॉपमध्ये शिरलेला खंडणीखोर व्हायरस, त्या लॅपटॉपला जिथे लिहायची परवानगी आहे तिथवर पोचतो. म्हणून फोटो वाचायची परवानगी घरात सगळ्यांना द्या, लिहायची एकालाच. महिन्यातून एकदा सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्या डिस्कची वायर काढून ठेवा.