देवाला दुखावणारे वर्तन
ख्रिस्ती श्रद्धेत पाप म्हणजे नुसता नियमभंग नव्हे. त्याने देव दुखावतो. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या ६व्या अध्यायात माणसांची दुष्टाई पाहून देव खिन्न होतो आणि पुढे जलप्रलय येतो. ‘यशया’च्या ६३व्या अध्यायात बंडखोर इस्राएल लोक पवित्र आत्म्याला दुःख देतात. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात हा विचार रोजच्या वागण्यापर्यंत येतो. खोटे बोलणे, सूर्य मावळला तरी राग धरून ठेवणे, चोरी, घाणेरडे बोलणे, निंदा यांचा तिथे निषेध आहे. चोराने चोरी सोडून कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावे, असेही पौल सांगतो. देव विकारांच्या अधीन नसल्याने तो दुखावल्याची वर्णने रूपकात्मक आहेत, असे मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस मानतो. पौलाच्या या अध्यायाचा शेवट एकमेकांना क्षमा करण्याच्या आज्ञेने होतो.