डिस्क गेली, तर अलार्म वाजेल ना?

वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये ‘परम शिवाय’ महासंगणक आहे. पुण्याच्या सी-डॅकने तो राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत उभारला. उद्घाटन १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं. अशा यंत्रांना डिस्कचे मोठे संच लागतात, आणि डिस्क कधी ना कधी बंद पडतेच.

रेड ५ संचात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. गोम इथेच आहे! कुणाला कळलंच नाही आणि दुसरीही गेली, की डेटा गेला. म्हणून लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट हवी, आणि तिचीही परीक्षा हवी.

लिनक्सवर अशी घ्या:

🔹 खऱ्या डिस्कना हात लावू नका. साध्या फाइल्सपासून लूप डिव्हाइस बनवून खोटा रेड संच उभा करा.

🔹 त्यातली एक डिस्क मुद्दाम ‘फेल’ करा. रेडची स्थिती दाखवणाऱ्या ‘एमडीस्टॅट’ फाइलमध्ये त्या डिस्कच्या ‘यू’च्या जागी अंडरस्कोर दिसेल. स्क्रिप्टने ते पकडलं का?

🔹 नॅगिओस या देखरेख प्रणालीचे एक्झिट कोड पाळा: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात. कमांडच चालली नाही तर उत्तर ३ हवं. रिकाम्या उत्तराला ‘ठीक’ समजणारी स्क्रिप्ट सर्वांत घातक.

🔹 हाताने चालते, क्रॉनमध्ये नाही? क्रॉनचा पाथ तोकडा असतो. कमांडचा पूर्ण पत्ता लिहा.

🔹 शेवटी ईमेल खरंच पोहोचतो का, ते पाहा.

तुमच्या सर्व्हरवर ही चाचणी या आठवड्यातच करून पाहा, आणि काय सापडलं ते कमेंटमध्ये सांगा!